पायाखालचा पत्रा

महाबळेश्वरात वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे सरकत माण, खटाव, आटपाडी, जत गाठलं की पाचशे मिलिमीटर पडला तरी शेतकरी समाधानाने मान डोलावतो. सातारा आणि सांगली या शेजारच्या जिल्ह्यांत पावसाची अशी टोकाची तफावत आहे. चाळीस-पन्नास वर्षांची मोटार गॅरेजमध्ये खालून तपासली, तर ती कुठल्या भागात नांदली याचा अंदाज तिच्या तळावरून बांधता येतो. घाटमाथ्यावर आयुष्य काढलेल्या गाडीची मॅट उचलली की खाली ओलसर, पापुद्रे सुटलेला तांबडा चुरा. माणदेशात धूळ खात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग उन्हाने विटलेला, रबरं तडकलेली. पण तळाचा पत्रा वाजवला तर खणखणीत.

जुनी गाडी हौसेने घेणारा मात्र आधी रंग बघतो. मग बंपरचं क्रोम, डॅशबोर्ड, इंजिनाचा आवाज. सीटखाली हात घालून मॅट उचलणारे थोडे. त्यामुळे रंगरंगोटीवर घसघशीत खर्च झाल्यावर एक दिवस ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्रा दबतो आणि खालचा रस्ता दिसू लागतो. जुन्या मोटारींच्या पुनरुज्जीवनातलं सगळ्यात किचकट, सगळ्यात वेळखाऊ आणि पूर्ण झाल्यावर कुणालाही न दिसणारं काम तिथून सुरू होतं: सडलेला तळ कापून नवा बसवणं.

हे काम किचकट का, हे समजायला गाडीची घडण पाहावी लागते. पूर्वीच्या मोटारींना दोन जाड लोखंडी तुळयांची चासी असे. इंजिन, चाकं, स्प्रिंगा सगळं त्या चासीवर, आणि वरून बॉडी बोल्टांनी आवळलेली. तळ म्हणजे बहुतेक वेळा लाकडी फळ्या. फळी कुजली तर सुताराला बोलावून बदलायची, गाडीच्या ताकदीशी तिचा संबंध नसे. संस्थानिकांच्या पागेत घोड्यांच्या जागी आलेल्या मोटारी या जातीच्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गाड्यांमध्ये हे बदललं. फियाटने १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ११००-१०३ हे मॉडेल मांडलं, तेव्हा त्याला वेगळी चासी नव्हती. तळ, बाजूचे पोकळ उंबरे, छताचे खांब, मागचं-पुढचं अंग असे दाबून आकार दिलेले पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडून अख्खी गाडी एकसंध केलेली होती. पुठ्ठ्याचं खोकं जसं तळ शाबूत असेतो भार पेलतं आणि तळ उघडला की हातातच वाकडं होतं, तसंच या गाडीचं. हीच फियाट भारतात आली आणि महाराष्ट्राने तिचं बाळबोध बारसं केलं: डुक्कर फियाट. तिच्या पुढच्या पिढीतली ११०० डी ही १९६४ पासून 'डिलाइट' नावाने आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडत राहिली, ती थेट नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसिडर, जी २०१४ पर्यंत बनत होती, तीही बिनचासीची.

म्हणजे आपल्याकडे घरोघरी 'जुनी गाडी' म्हणून जी आठवते, तिचा तळ हे झाकण नाही. तिचा तो कणा आहे.

पद्मिनीचा या मुलखाशी संबंध ग्राहकापुरताच नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये करणारे वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेलं अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंदांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये उभा केलेला कूपर इंजिनिअरिंगचा कारखानाही कालांतराने वालचंद समूहाकडे गेला. हे कूपर म्हणजे १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले, आणि त्यांच्याच कारखान्यातून १९३३ मध्ये भारतीय बनावटीचं डिझेल इंजिन निघालेलं. त्याही आधी, १९१० मध्ये, औंध संस्थानाच्या राजांनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली होती. नांगर, चरक, पंप, इंजिन करता करता या पट्ट्यात लोखंडाची जाण असलेल्या हातांच्या पिढ्या तयार झाल्या. आज मिरज-कुपवाडच्या आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारी, वाकवणारी यंत्रं मागाल तेव्हा मिळतात, त्यामागे ही शंभर वर्षांची पूर्वपीठिका आहे.

बिनचासीच्या घडणीचं आणखी एक अस्सल सातारी उदाहरण आहे, फक्त ते दोन चाकांचं. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यातून 'प्रिया' स्कूटर बाहेर पडू लागली. तिची मूळ कल्पना इटलीच्या व्हेस्पाची, आणि व्हेस्पाचा रचनाकार कोरादिनो द'आस्कानियो विमानांचा अभियंता. त्याने नळ्यांची फ्रेम टाळून पत्र्याच्या अंगालाच भार पेलायला लावला. त्यामुळे प्रियाचा पाय ठेवायचा सपाट भाग सडला की स्कूटर मधूनच लवते. जुन्या स्कूटरी उभ्या करणारे मिस्त्री तो भाग कापण्याआधी हँडलची नळी आणि मागचा भाग यांच्यामध्ये लोखंडी दांडी टेकू म्हणून वेल्ड करून घेतात. मोटारीला जे चार जागी करायचं, ते इथे एका जागी.

याउलट वडापची जीप. कराड, पाटण, शिराळा, जत, कुठल्याही फाट्यावर माणसं कोंबून धावलेल्या या जीपना भरभक्कम चासी असते. तिचा तळ गेला तर वेल्डरकडे न्यायची, खवल्यांची जाड चेकर प्लेट मापाने कापून ठोकायची आणि दुसऱ्या दिवशी फेऱ्या सुरू. याच सवयीच्या हाताने पद्मिनीला हात घातला की गोंधळ होतो.

पत्रा सडतो कशाने? पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र लोखंडाला भेटले की गंज तयार होतो. मीठ किंवा चिखलातले क्षार असले की ही क्रिया वेग घेते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या काही पट असतं, म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज त्यांना पाचरीसारखा फाकवतो आणि स्पॉट वेल्डिंगचे टिपके एकेक करून सुटतात. आजच्या गाड्यांचं शरीर प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या मदतीने लेप चढवतात, बराचसा पत्राही जस्त लावलेला असतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या आपल्या गाड्यांना एवढं कवच नव्हतं. त्यांच्या बंद पोकळ्यांत रंगाचा फवारा पोचतच नसे.

पाणी मात्र बरोबर पोचतं. पुढच्या काचेचं रबर कडक झालं की पावसाची धार डॅशबोर्डमागून उतरून पायापाशी साचते. दाराखालची पाणी जायची भोकं चिखलाने बुजली की पाणी उंबऱ्यात शिरतं. आवाज कमी व्हावा म्हणून तळावर चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या उचकटल्या की त्यांच्याखाली ओल धरून राहते. त्यावर नमदा, त्यावर रबरी मॅट. वरून सगळं कोरडंठाक. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडी आतूनही पाइप लावून धुण्याची आपली पद्धत या ओलीत दरवर्षी भर घालते. तळाला मुळात पाणी काढायची भोकं आणि त्यांना रबरी बुचं असतात, पण धुताना ती बुचं काढायची असतात हे फारसं कुणी सांगत नाही.

सांगलीला याखेरीज एक वेगळं दुखणं आहे. ते वरून येत नाही, खालून येतं. १९२९ मध्ये खुला झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ मध्येही धोक्याची खूण मागे पडली होती. पुरात उभी राहिलेली गाडी बाहेर काढली की मालक इंजिन उघडतो, वायरिंग सुकवतो, सीट उन्हात टाकतो. उंबऱ्यांच्या आणि आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत बसलेला बारीक गाळ तसाच राहतो. तो गाळ महिनोन् महिने ओल धरतो, आणि पूर ओसरून दोन-तीन वर्षं झाल्यावर तळ बाहेरच्या बाजूने फुगू लागतो. पुरानंतर तळाची बुचं काढून, पोकळ्यांत स्वच्छ पाण्याचा जोर मारून गाळ वाहू देणं आणि मग दारं उघडी ठेवून गाडी पूर्ण वाळवणं, एवढ्यावर पुष्कळ तळ वाचू शकतात.

वाचला नाही तर मग कापाकापी.

पहिलं काम म्हणजे गाडी आतून नागडी करणं. सीट, मॅट, नमदा, दाराचे पॅड, सगळं बाहेर. बॅटरी काढायची. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवायची, कारण टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी तळाखालूनच जाते. ब्रेकच्या नळ्या आणि केबलीही तिथेच. वेल्डिंगच्या ठिणगीला यांतलं काहीही पुरतं. त्यानंतर टोकदार हातोडीने किंवा जाड स्क्रू-ड्रायव्हरने तळाचा इंच न् इंच ठोकून बघायचा. शाबूत पत्रा वाजतो, सडलेला बद्द बोलतो. जिथे आधीच्या कुणी फायबर किंवा लांबी भरून झाकलंय तिथे लोहचुंबक चिकटत नाही. डोळ्यांना वीतभर दिसणारं भोक ठोकून झाल्यावर हातभर होतं, हा नेहमीचा अनुभव.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. तळ कापण्याआधी गाडीचं माप कायम करायचं. गाडी मधोमध जॅकवर उचलली तर कमकुवत तळ तिथेच वाकतो, म्हणून जिथे सस्पेन्शनचा भार मुळातच येतो त्या मजबूत जागांखाली स्टँड लावायचे. दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचे आडवे-तिरपे टेकू तात्पुरते वेल्ड करायचे. ठरावीक बिंदूंमधले कर्ण मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवायचे. दार आणि खांब यांच्यातली फट वर किती, खाली किती, हेही. आणि एका वेळी एकच बाजू कापायची. घाई करून दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या आणि गाडी काही मिलिमीटर खचली, तर नवा तळ त्या खचलेल्या अवस्थेत कायमचा जोडला जातो. मग दार लागत नाही आणि पुढची काच वारंवार तडकते. रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढत राहते. असा दोष रंगाने झाकला जात नाही.

आता पत्रा. परदेशात ही अडचण बरीच सोपी झाली आहे. अमेरिकेत फोर्ड मस्टँगसारख्या गाडीचा नवा तळ तयार मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून एमजीबीची अख्खी बॉडी जुन्या साच्यांवर नव्याने बनवून विकते आहे. पद्मिनीच्या तळाचं असं दुकान आपल्याकडे नाही. दोन वाटा उरतात. एक, भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा चांगला तुकडा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवलेली. वीस वर्षांची मुदत संपून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. गाडी जिथे जन्मली त्याच कुर्ल्यात आज भंगार बाजारात तिचे अवयव मिळतात. पण समुद्राच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या टॅक्सीचा तळ घेणं म्हणजे आपलं दुखणं देऊन दुसऱ्याचं घेणं. सुटे भाग मुंबईचे घ्यावेत, तळ मात्र कोरड्या मुलखातल्या गाडीचा बघावा.

दुसरी वाट म्हणजे हाताने घडवणं. इथे सांगली-साताऱ्याचा मिस्त्री भाव खाऊन जातो. पुठ्ठ्याचा फर्मा कापायचा, सडलेल्या भागावर ठेवून मापं जुळवायची, मग कोल्ड रोल्ड पत्र्यावर आखायचं. तळाला साधारण १८ ते २० गेजचा पत्रा चालतो, म्हणजे १.२ ते ०.९ मिलिमीटर. जीपच्या सवयीने जाड पत्रा मारला तर वजन वाढतं, आणि जाड-बारीक पत्र्याच्या जोडावर बारीक बाजू जळते. मूळ तळावर दाबून काढलेल्या उंच-सखल पट्ट्या असतात, त्या नक्षीसाठी नसतात. सपाट पत्रा डब्यासारखा धडधडतो आणि लवतो; पन्हाळी काढली की तोच पत्रा ताठ होतो. हाताने फिरवायच्या बीडिंग यंत्रावर किंवा लाकडी साच्यावर मेखसूने या पन्हाळ्या उठवाव्या लागतात. सीट बसायच्या जागा, आडव्या पट्ट्या, मधल्या शाफ्टच्या बोगद्याशी होणारा जोड, यांना मात्र मूळ जाडी आणि मूळ जागा सोडून चालत नाही.

जुना तळ काढताना कटिंग व्हील सरसकट फिरवणारा नवशिका. जाणता मिस्त्री स्पॉटचे टिपके शोधून ते ड्रिलने उडवतो, म्हणजे खालची पट्टी शाबूत राहते आणि नवा पत्रा नेमका त्याच ओठावर बसतो. जोडताना गॅस वेल्डिंग केलं तर उष्णता पसरून पत्रा लाटांसारखा वाकडा होतो. इलेक्ट्रोडचं साधं आर्क वेल्डिंग एवढ्या बारीक पत्र्याला भोकं पाडतं. म्हणून मिग वेल्डिंग. तेही सलग रेघ ओढून नव्हे: एक टाका इथे, पुढचा पार पलीकडच्या कोपऱ्यात, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा. जिथे कारखान्यात स्पॉट होता तिथे वरच्या पत्र्याला भोक पाडून ते वेल्डने भरायचं.

जस्ताचा पत्रा वापरावा असं मालकाला वाटतं, कारण तो गंजत नाही असं ऐकलेलं असतं. पण जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला दीड हजाराच्या आसपास तापमान लागतं. वेल्ड लागण्याआधीच जस्ताची वाफ होते, जोड सच्छिद्र होतो, आणि बंद शेडमध्ये ती वाफ छातीत गेलेल्या वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जस्ताचा पत्रा घ्यायचाच तर जोडाच्या कडांवरचं जस्त घासून काढणं आणि हवा खेळती ठेवणं भाग आहे.

वेल्डिंग संपलं की काम संपल्यासारखं वाटतं, आणि नेमकी तिथेच घाई होते. जोडांच्या आत, दोन पत्र्यांच्या मधे, वेल्ड सोसणारा जस्तयुक्त प्रायमर जोडण्याआधीच लावलेला असला पाहिजे. वेल्ड घासून, धुऊन, कोरडं करून त्यावर इपॉक्सी प्रायमर. मग जोडांवर सीलर, खालून अंडरकोट, आणि उंबऱ्यांच्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण. गंजावरच डांबर फासणं हा मात्र शुद्ध आत्मघात: वरून काळंभोर चकचकीत, आत ओल कोंडलेली. पाण्याची वाट न शोधता तळ बदलला, म्हणजे काचेचं रबर, दाराची भोकं, बुचं तशीच ठेवली, तर नवा पत्राही काही पावसाळ्यांत त्याच वाटेने जातो.

या सगळ्याला एक कागदी बाजूही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००, मुदत दहा वर्षं, आणि नंबर प्लेटवर राज्याच्या संकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरं. 'पद्मिनी' नावाच्या पहिल्या गाड्या २०२४ मध्ये या वयाला पोचल्या. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. सडलेला तळ त्याच मापाने, त्याच आकाराने बदलणं म्हणजे दुरुस्ती. मनाला येईल तशी चेकर प्लेट ठोकणं म्हणजे फेरफार म्हणायला वाव. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, फिवाने, २०१२ मध्ये मंजूर केलेली तूरिन सनदही हेच बजावते: जेवढं वाचवता येईल तेवढं मूळ वाचवा, आणि जे नवं घालाल त्याची नोंद ठेवा.

म्हणून जुनी फियाट किंवा अँबॅसिडर बघायला निघालेल्यांनी दिवाळीच्या सुट्टीत एक क्रम पाळावा. अंगावर जुने कपडे, हातात टॉर्च आणि चुंबक. आधी मॅट उचला, मग गाडीखाली झोपा, मग चारही दारं एका बोटाने लावून बघा. रंग शेवटी. तळ सडका असला तरी गाडी सोडून द्यायलाच हवी असं नाही, पण किंमत त्या हिशेबाने ठरवा, आणि कापण्याआधी टेकू व मापं घेणारा मिस्त्री शोधा. कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. पुढच्या नोंदणीला आणि पुढच्या मालकाला तेच उपयोगी पडतील.